निळ्या नोटा

माझ्या बहिणीचा नवरा हिरामण मला पहिल्यापासून आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना माझ्याकडून न्यायबिय मिळेल अशी अपेक्षा कुणी ठेवायला नको.

शेलूला त्याची दीड एकर भातजमीन होती. आजूबाजूला बिल्डिंगी उठायला लागल्या तशी ती एका बिल्डरने घेतली आणि हिरामणचा शेठ झाला. त्याआधी पंधरा वर्षं माझ्या बहिणीने, नंदाताईने, नेरळ स्टेशनबाहेर काकड्या, शिराळी, पडवळ विकून घर चालवलं होतं. पैसे आल्यावर त्याने पहिलं काय केलं, तर तिचं बसणं बंद केलं. "शेठची बायको रस्त्यावर बसते, लोक काय म्हंतील?" मग गळ्यात सोन्याची साखळी घातली. ती एवढी जाड आहे की मान आपोआप जरा खाली झुकते, आणि परक्या माणसाला वाटतं, किती नम्र आहे.

मी भाग्यश्री. साजगावजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, खालापूरला भाड्याने एकटी राहते. माहेर आम्हा दोघी बहिणींचं पळसदरी. ताई चौथीपर्यंत शिकली, मी डी.एड. केलं. हिरामण मला 'मास्तरीणबाई' म्हणतो. तोंडात आलेला खडा थुंकावा तसा तो शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडतो.

गेल्या वर्षी त्याने व्हिएतनामची टूर बुक केली. गावातले दोघेजण बँकॉकला जाऊन आले होते, म्हणून याला त्याहून लांब जायचं होतं. ताई म्हणाली, "भाग्या येत असंल तर मी येते. नायतर त्या लोकांत मी कुनाशी बोलू?" मी माझे पैसे मीच भरले. ते मी चारदा बोलूनही दाखवलं.

टूरवाल्यांनी निघायच्या आधी कर्जतला एका हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. बावीस माणसं होती. टूर लीडर रिया नावाची कर्जतचीच मुलगी, अठ्ठावीस-एकोणतीसची. तिने पैशांचं सगळं समजावून सांगितलं. डॉलर बँकेतून किंवा परवाना असलेल्या दुकानातूनच घ्या, पावती ठेवा. नोटा नव्या हव्यात. घडी, शाई, डाग काही चालणार नाही, तिकडे लगेच परत करतात. आपलं एटीएम कार्ड परदेशात चालावं म्हणून बँकेच्या ॲपमधून चालू करून घ्या. तिकडचं चलन डाँग. आपल्या एका रुपयाला साधारण तीनशे डाँग येतात, त्यामुळे शून्यं खूप दिसतील, गोंधळू नका.

"आणि एक गोष्ट नीट ऐका," ती म्हणाली. "वीस हजाराची नोट निळी आहे आणि पाच लाखाची पण निळीच आहे. वीस हजार म्हणजे आपले पासष्ट-सत्तर रुपये. पाच लाख म्हणजे सोळाशेच्या वर. देताना शून्यं मोजा."

हिरामण मागच्या रांगेत पाय पसरून बसला होता. "म्हंजे एका रुपयाला तीनशे?" तो मोठ्याने म्हणाला. "मंग तो देश हाय का भंगाराचं दुकान?" दोनतीन माणसं हसली. ज्यांना त्याच्याकडून काही ना काही हवं असतं तीच.

मी बँकेत जाऊन फॉरेन कार्ड केलं, त्यात डॉलर भरले. हिरामणने पनवेलच्या कुणा ओळखीच्या माणसाकडून दोन हजार डॉलर आणले, शंभराच्या वीस नोटा, पावती नाही. वर मलाच शिकवलं, "कार्डात पैसे म्हंजे बँकेच्या बापाला दिल्यासारखं. नोट हातात पायजे." निघायच्या दिवशी सकाळी त्याने त्या नोटा देवघरात ठेवल्या आणि ताईला सांगितलं, "हळदकुंकू लाव. लक्ष्मी हाय ती, मंग कुठल्या का देशाची असंना." ताईने नवरा सांगतो म्हणून लावलं. मी तेव्हा खालापूरहून निघालेच नव्हते. हे मला नंतर कळलं.

हनोईला पोचल्यावर रिया आम्हाला एका बँकेत घेऊन गेली. काउंटरवरच्या बाईने हिरामणच्या नोटा एकेक करून उजेडात धरल्या. आठ बाजूला ठेवल्या. बारा त्याच्याकडे परत सरकवल्या आणि कोपऱ्यातल्या बोटाच्या लाल ठशावर आपलं नख टेकवून मान हलवली.

"काय झालं हिला?"

"डाग आहेत, काका," रिया म्हणाली. "कुंकवाचे आहेत का?"

सगळी टूर मागे रांगेत उभी होती. हिरामण ताईकडे वळला. "तुला कोनी सांगितलं होतं गं एवढं बरबटवायला? टिकली एवढं लावायचं! भाजी इकनारी ती भाजी इकनारीच ऱ्हानार!"

ताईने साडीचा पदर नीट केला आणि बँकेच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. मी म्हणाले, "भावोजी, लावायला तुम्हीच सांगितलंत ना?" तर म्हणाला, "मास्तरीणबाई, हितं शाळा नाय."

आठशे डॉलरचे त्याला दोन कोटी आठ लाख डाँग मिळाले. त्या आकड्याने त्याचा राग कुठच्या कुठे गेला. बँकेच्या पायरीवर उभं राहून त्याने नोटांचा पंखा केला, माझ्याकडून फोटो काढून घेतला आणि स्टेटसला टाकला: 'परदेशात करोडपती'. फोटो मी मुद्दाम असा काढला की मागची कचऱ्याची पेटी स्पष्ट यावी. त्याला काही ती दिसली नाही. साठ लाइक मिळाले.

त्यानंतर तीन दिवस तो जे वागला ते सगळं सांगत बसत नाही. वेटरला चुटकी वाजवून बोलवायचा. रेशमी सूट शिवून घेतला, त्यात तो लग्नाच्या बँडमधल्या ढोलवाल्यासारखा दिसत होता. पाय चेपून घेतले, बिअर पाजली, आणि जिथे तिथे एकच वाक्य, "द्या रं त्यांना, आपल्यासाठी ते कागदच हायेत." ज्या माणसांच्या देशात आपण पाहुणे आहोत त्यांचा पैसा हलका म्हणून ती माणसंच हलकी, असा त्याचा सरळ हिशोब.

तिसऱ्या दिवशी आम्हाला डोंगरांमधल्या एका नदीत होडीतून फिरवलं. तिथल्या बायका पायांनी वल्ही मारतात. आमच्या होडीतली बाई ताईच्याच वयाची, पन्नाशीला आलेली, टाचा भेगाळलेल्या. दीड तास ती वल्हवत होती. ताई तिच्या पायांकडे बघत म्हणाली, "भाग्या, हिच्या पोटऱ्या किती दुखत असतील गं." हिरामण म्हणाला, "सवय असते त्यांना."

उतरताना त्याने कमरेच्या पाऊचमधून एक निळी नोट काढली आणि बाईच्या हातात कोंबली. मी बरोबर मागे होते. नोटेवर पाच होता आणि पाचापुढे पाच शून्यं.

बाई दचकली. नोट दोन्ही हातांत धरून तिने त्याच्यापुढे केली आणि भराभर काहीतरी बोलायला लागली. हिरामणला वाटलं, कमी पडली म्हणून कुरकुरते आहे. "बघ कशी हाय जात! दिलं तरी हात पुढंच." त्याने पाऊचमधून आणखी एक निळी नोट काढून पहिलीवर आपटली. "घे, घे! भीक!" ती पण पाच लाखाचीच. बाई क्षणभर तशीच उभी राहिली. मग कमरेत वाकली आणि होडीकडे वळली.

मी बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. माझ्या तोंडापर्यंत ते आलंही होतं. पण त्याचा तो चेहरा मी बघितला, दान केल्याचा माज, आणि मला वाटलं, होऊ दे. देऊ दे. दोन नोटांत ताईच्या भाजीचे किती दिवस गेले हे या माणसाला कधी तरी कळू दे. शिवाय बाई कष्टाची होती, तिला मिळाले तर बिघडलं कुठे, असंही मी मनाला समजावलं. ते मात्र खोटं होतं. बाईचा विचार माझ्या मनात नंतर आला. आधी मजा वाटली.

मग त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी त्याच्या मागेमागेच राहिले. शहाळंवाला, एक नोट. गवती टोप्या विकणारी म्हातारी, एक नोट. बसचा ड्रायव्हर, दोन. काही जणांनी परत करायचा प्रयत्न केला, त्यांना त्याने हाताने झटकलं. काहींनी गुपचूप खिशात टाकल्या. मी मनात आकडा वाढवत होते. इतकी छान झोप मला टूरवर दुसऱ्या कशाने लागली नसती. ताई एकदा म्हणालीसुद्धा, "तू आज खुशीत दिसतेस." मी म्हणाले, "हवा चांगली आहे."

पाचव्या दिवशी सकाळी समुद्रातल्या बोटीवर चढताना ताईचा पाय ओल्या फळीवरून सटकला. ती उजव्या हातावर पडली. तोंडातून फक्त "आई" एवढंच आलं, पण मनगट बघता बघता सुजलं. रियाने बाकीच्यांना बोटीवर बसवलं आणि आम्हा तिघांना टॅक्सीतून जवळच्या दवाखान्यात नेलं. एक्स-रे काढला. हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी प्लॅस्टर घातलं आणि काउंटरवरून बिल आलं, पासष्ट लाख डाँग. आपले बावीस हजार होतील. रिया म्हणाली, "इन्शुरन्सचे पैसे नंतर मिळतील, काका, पण आत्ता भरावे लागतील."

"भरू की! पैशाला काय तोटा हाय?" म्हणत हिरामणने पाऊच उघडला.

त्यात सतरा-अठरा लाख होते. सगळ्या वीस-वीस आणि पन्नास-पन्नासच्या. त्याने पाऊच उलटा केला, अस्तर बाहेर काढलं, पँटचे खिसे चाचपले. मग एटीएम कार्ड पुढे केलं. मशीनने दोनदा नको म्हटलं. परदेशासाठी ते चालू करायचं राहिलं होतं. कुंकवाचे डॉलर पुढे केले, तर काउंटरवरच्या माणसाने हात जोडून दूर केले, त्यांच्याकडे डाँगच चालतात.

मग एकदम त्याला कारण सापडलं. "चोरी झाली! ती रूम झाडायला येते ना, बारकी, केस बांधलेली? तिनंच मारले. काल मी अंघोळीला गेलो तवा पाऊच टेबलावर होता. रिया, पोलिसाला फोन लाव."

"काका, असं एकदम कुणाचं नाव घेऊ नका. मुलीची नोकरी जाईल."

"जाऊ दे ना! चोर हाय ती. असल्यांची लायकीच तेवढी. हॉटेलवाल्याला लाव फोन, लाव!"

रियाने नाइलाजाने फोन बाहेर काढला. ती मुलगी मला आठवली. आदल्या दिवशी सकाळी ती चादर बदलत असताना ताईने तिला शेंगदाण्याचा लाडू दिला होता आणि तिने तो अर्धा खाऊन अर्धा कागदात गुंडाळून ठेवला होता.

"थांब रिया," मी म्हणाले. "कुणी चोरले नाहीत. भावोजींनीच वाटले. वीस हजार समजून पाच लाखाच्या नोटा दिल्या, होडीवाल्या बाईला, शहाळंवाल्याला, ड्रायव्हरला."

"तुला कसं ठावं?" हिरामण म्हणाला.

"मी बघत होते."

मला वाटत होतं, आता हा फुटेल, ओरडेल, आणि मग मला जे बोलायचं आहे ते सगळं मी बोलेन. वर्षानुवर्षांचं साठलेलं होतं. पण बाकावरून ताईचा आवाज आला. प्लॅस्टरचा हात तिने दुसऱ्या हातात धरला होता.

"किती नोटा?"

"चौदा."

"चौदा म्हंजे नक्की चौदा? मोजल्यास?"

"हो."

"मोजत हुतीस," ताई म्हणाली. "दोन दिवस मागं मागं फिरून मोजत हुतीस. आनि मला सांगितलंस हवा चांगली हाय."

"ताई, तो तुला सगळ्यांसमोर काय बोलला ते..."

"तो कसा हाय ते मला तीस वर्सं म्हाईत हाय. तू कशी हायस ते म्हाईत नवतं." तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट झालं. "पैसे काय त्याचे एकट्याचे हुते? जमीन इकली तवा मला कुनी इचारलं नाय. पन त्या जमिनीत चिखल मी तुडवलाय. ते माझं पन हुतं. तू माझं जाताना बघत हसत हुतीस."

हिरामणला एवढ्यात कंठ फुटला. "मास्तरीन! पोरांना शिकवते म्हनं!" ताईने त्याच्याकडे पाहिलंदेखील नाही. डावा हात पुढे केला. "तो पाऊच आना इकडं."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"आना."

त्याने दिला. मला अजून कळलेलं नाही तो का दिला ते. दवाखान्यातल्या पिवळ्या उजेडात तो एकदम म्हातारा दिसत होता, एवढं आठवतं.

बिल मी माझ्या कार्डाने भरलं. मशीनवर प्रश्न आला, रुपयांत घ्यायचे की डाँगमध्ये. रियाने हॉलमध्ये हेही सांगितलं होतं, कायम तिथलं चलन निवडायचं, रुपये निवडले की मशीनवाले स्वतःचा चढा दर लावतात. मी तेव्हा वहीत लिहूनही घेतलं होतं. तरी मी रुपये दाबले. तेराशे रुपये जास्त गेले. रियाने स्लिप बघितली, माझ्याकडे बघितलं आणि ती घडी करून मला दिली.

दुसऱ्या दिवशी हनोईला परत आल्यावर ताईने रियाला विचारलं, "डाग पडलेले कुनी घेतं का गं?" एका सोन्याच्या दुकानाला डॉलर बदलून द्यायचा परवाना होता. रिया तिला तिथे घेऊन गेली. मी न बोलावता मागून गेले. दुकानातली बाई जाडजूड, कानात पाचूचे खडे. तिने बारा नोटा उलटसुलट बघितल्या, कॅल्क्युलेटरवर आकडा मारून ताईसमोर ठेवला, वीस हजार. बाहेर डॉलरला सव्वीस हजार मिळत होते.

"मी सांगू का तिला?" मी पुढे होत म्हणाले.

"तू गप ऱ्हा."

ताईने आपल्या डाव्या हाताने आकडा पुसला आणि सव्वीस मारले. बाई हसली, एकवीस मारले. ताईने एक नोट उचलली, कुंकवाचा डाग बोटाने दाखवला, मग नोटेवरचा चेहरा दाखवला, नंबर दाखवला, आणि मराठीतच म्हणाली, "हे बघ बाई, डाग कोपऱ्यात हाय. मानूस साबूत हाय. फाटलेली नाय, जुनी नाय. जरा भेंडी वाकडी आली म्हनून काय अर्ध्या किमतीला देते का कोन?" बाईला एक शब्द कळला नसणार. तिने बावीस मारले. ताईने नोटा गोळा केल्या, पाऊचात घातल्या, चेन एका हाताने ओढायला बराच वेळ लावला आणि दाराकडे चालू लागली. दारापर्यंत पोचेपर्यंत मागून हाक आली. शेवटी साडेचोवीसला जमलं. बाईने ताईला बसायला स्टूल दिलं, चहा मागवला आणि प्लॅस्टरकडे बोट करून काहीतरी विचारलं. ताईने हातवारे करून फळी, पाय, धपकन, असं सगळं सांगितलं. दोघी हसल्या. मी आणि रिया उभ्याच होतो.

पैसे हातात आल्यावर ताईने दुकानातच निळ्या नोटा वेगळ्या केल्या. माझ्याकडे न बघता पाच लाखाच्या पाऊचच्या एका कप्प्यात ठेवल्या, वीस हजाराच्या ब्लाउजमधल्या बटव्यात. मग रियाला आकडा विचारून पाऊचमधून माझे बिलाचे पासष्ट लाख मोजून माझ्यासमोर ठेवले.

"ताई, हे राहू दे ना."

"का? घे. मोजून घे. तुला आवडतं."

उरलेले दोन दिवस हिरामणला चहा प्यायचा असला तरी तो ताईजवळ येऊन उभा राहायचा. ती त्याला विसाची एक नोट द्यायची. त्या होडीवाल्या बाईबद्दल तिने एकदाच विचारलं, "तिनं परत करायला हात पुढं केला हुता?" मी हो म्हणाले. "मंग चांगली हुती," म्हणून ती खिडकीबाहेर बघायला लागली.

परत येऊन आठ महिने झाले. ताईचं मनगट बरं झालं, थंडीत दुखतं म्हणे. हे मला तिच्या शेजारणीकडून कळतं. मी फोन केला की ती उचलते, कशी हायस विचारते, जेवलीस का विचारते, आणि ठेवते. भावाच्या मुलाच्या साखरपुड्याला पळसदरीला गेलो तेव्हा ती माझ्या शेजारी बसली, पानात वाढलं, सगळं केलं. फक्त पर्स उघडायची वेळ आली की उठून आत जायची.

त्याच साखरपुड्यात हिरामण मांडवात खुर्चीवर बसून पाहुण्यांना व्हिएतनाम सांगत होता. साखळी तीच, सूट तोच. "गरीब देश हो. बायका पायांनी होड्या मारतात. माझं काळीज तुटलं. म्हनलं, आपल्याला देवानं दिलंय, चार लोकांत वाटावं. पाच-पाच लाखाच्या नोटा वाटल्या मी. खोटं वाटत असंल तर आमच्या मेव्हणीला इचारा. तिनं मोजल्यात." आणि मांडवभर ऐकू जाईल अशी हाक मारली, "मास्तरीणबाई! किती झाले हो एकूण?"

पाहुणे कौतुकाने माझ्याकडे बघायला लागले. ताई मंडपाच्या खांबापाशी सरबताचे ग्लास घेऊन उभी होती. ती पण बघत होती.

"सत्तर लाख," मी म्हणाले.

हिरामणने समाधानाने मान हलवली. ताईने पहिला ग्लास त्याला दिला, मग पाहुण्यांना, मग मला. मी सरबत प्यायले. त्याच्याइतका तिरस्कार मला त्या मांडवात कुणाचाच वाटत नव्हता, आणि त्याच्या शेजारची रिकामी खुर्ची माझीच होती. साडेपाचला मी खोपोलीकडची गाडी पकडायला निघाले.